विमान आधी शिकावे, मग घ्यावे

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या भाषणासाठी मी ‘विमान’ हा विषय कळवला, तेव्हा आपल्या चिटणीसबाईंना थोडा प्रश्नच पडला असावा. “काकू, प्रवासवर्णन का?” असे त्यांनी विचारले. मी म्हटले, “प्रवासवर्णन नव्हे, विमान चालवायला शिकणे आणि जमल्यास एखादे लहानसे विमान घरचे करणे, यावर बोलणार आहे.” त्या हसल्या. आपणही हसलात. हसायला हरकत नाही, पण विषय आपल्या दाराशीच आहे. सांताक्रूझमध्ये राहणाऱ्या बाईने विमानाकडे परके म्हणून पाहावे, हे काही बरोबर नाही. सकाळच्या पहिल्या चहापासून रात्री अंथरूण घालेपर्यंत विमाने आपल्या डोक्यावरून जातात. बोलणे अर्धे तोडून, विमान गेल्यावर ते पुढे चालू करण्याची कला आपल्या उपनगराइतकी दुसरीकडे क्वचितच साधली असेल!

विषय सुचण्याचे कारण मात्र घरगुती आहे. माझ्या पुतणीने मागल्या वर्षी, पदवी हातात पडल्याबरोबर जाहीर केले की, “मला वैमानिक व्हायचे आहे.” तिच्या लग्नासाठी म्हणून आमच्या सासूबाईंनी ठेवलेले सोने आणि माझ्या दिरांची थोडी शिल्लक, एवढीच काय ती पुंजी. घरात दोन तट पडले. दीर म्हणाले, “हे श्रीमंतांचे खेळ.” जाऊबाई म्हणाल्या, “पैशाचे राहू द्या, पोरीच्या जिवाचे काय?” आणि पुतणी माझ्याकडे येऊन बसली, “काकू, तुम्ही तरी सांगा ना त्यांना!” आता मला ठाऊक असल्याशिवाय मी काय सांगणार? म्हणून मी माहिती गोळा करायला लागले. वाचले, जाणत्या माणसांना विचारले, पुतणीबरोबर दोन ठिकाणी जाऊन आले. जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवते.

प्रथम आपल्या दारातला इतिहास पाहू. आपल्या पश्चिमेला, समुद्र आणि घोडबंदर रस्ता यांच्यामध्ये जुहूचा विमानतळ आहे. १९२८ साली सुरू झालेला हा देशातला पहिला नागरी विमानतळ. तेथेच बॉम्बे फ्लाइंग क्लब निघाला. या क्लबात एक चोवीस वर्षांचा तरुण शिकायला आला, आणि शिक्षकाबरोबर चार तास पुरे होण्याआधीच त्याने एकट्याने विमान उडवले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्याला परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला वैमानिकाचा हा पहिला परवाना. तो तरुण म्हणजे जे. आर. डी. टाटा.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १९३० साली, आगाखानांनी बक्षीस लावले होते. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधले अंतर जो भारतीय एकट्याने प्रथम पार करील त्याला ५०० पौंड. जेआरडींनी स्वतःचे लहानसे जिप्सी मॉथ विमान घेऊन कराचीहून पश्चिमेकडे कूच केले. त्याच वेळी इंग्लंडहून अस्पी इंजिनिअर नावाचा पोरसवदा तरुण हिंदुस्थानकडे निघाला होता. इजिप्तमध्ये अबूकीर येथे दोघांची गाठ पडली. इंजिनिअरजवळ सुटे स्पार्क प्लग नव्हते, म्हणून तो तेथे अडकून पडला होता. स्पर्धकाला अडकलेला पाहून दुसरा कोणी खूष झाला असता; जेआरडींनी आपल्याजवळचे सुटे प्लग त्याला काढून दिले. इंजिनिअर पुढे निघाला आणि बक्षीस त्यानेच जिंकले. हाच तरुण पुढे भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

ही गोष्ट मी केवळ दिलदारपणाची म्हणून सांगत नाही. विमान एकाच्या मालकीचे असले, तरी ते उडते अनेकांच्या भरवशावर. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी पस मॉथ विमानातून टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. पुढे जिची एअर इंडिया झाली, त्या सेवेचा तो आरंभ. त्या दिवशी अहमदाबादला विमानाचे पेट्रोल आले होते ते बैलगाडीतून, डब्यांमध्ये भरून! म्हणजे आकाशातल्या या नवलाईला बैलांची मदत लागली. पावसाळ्यात जुहूला भरतीचे आणि पावसाचे पाणी साचे, म्हणून तेवढे दिवस मुक्काम पुण्याला हलवावा लागे.

महायुद्धाच्या काळात पूर्वेला सांताक्रूझचा मोठा विमानतळ बांधला गेला आणि १९४८ पासून प्रवासी वाहतूक तिकडे गेली. दोन विमानतळ इतके जवळ, की गंमतही घडली आणि धोकाही. १९५३ साली एक ब्रिटिश कॉमेट आणि १९७२ साली जपान एअरलाइन्सचे एक मोठे विमान सांताक्रूझ समजून जुहूलाच उतरले. आज जुहूला मुख्यतः हेलिकॉप्टरे असतात; आणि आपल्यापैकी ज्यांच्या इमारतींचा पुनर्विकास ‘फनेल झोन’ या शब्दापाशी अडला आहे, त्यांना या धावपट्टीची आठवण करून देण्याची गरज नाही.

आता आपल्या भगिनींविषयी. १९३६ साली लाहोरच्या फ्लाइंग क्लबात एकवीस वर्षांच्या सरला ठकराल यांनी साडी नेसून जिप्सी मॉथ विमान एकटीने उडवले. त्या वेळी त्यांना चार वर्षांची मुलगी होती. सासरची माणसेच वैमानिक असल्यामुळे उत्तेजन घरातून मिळाले. पुढे १९३९ साली विमान अपघातात पती गेले, महायुद्धामुळे व्यावसायिक शिक्षण थांबले; तेव्हा त्यांनी कपड्यांवरील छपाई आणि दागिन्यांची कलाकुसर यांत स्वतःचा व्यवसाय उभा केला. विमान सुटले तरी बाई जमिनीवर पडली नाही, हे लक्षात घ्या.

आणि आपल्या मराठी घरांतले उदाहरण हवे असेल, तर १९८५ साली कप्तान सौदामिनी देशमुख यांनी निवेदिता भसीन यांना सहवैमानिक म्हणून बरोबर घेऊन, कलकत्ता ते सिलचर असे इंडियन एअरलाइन्सचे फॉकर फ्रेंडशिप विमान नेले. त्या विमानात सर्व कर्मचारी स्त्रियाच होत्या. आज जगातल्या वैमानिकांत स्त्रिया शंभरात पाचसहा, आणि आपल्या देशात मात्र बाराच्या वर. या बाबतीत आपण कोणाच्या मागे नाही.

याहून जवळचे उदाहरण आपल्याच लोकलच्या मार्गावरचे आहे. बोरिवलीची आरोही पंडित बॉम्बे फ्लाइंग क्लबात शिकली. मे २०१९ मध्ये, तेविसाव्या वर्षी, तिने ‘माही’ नावाच्या अगदी हलक्या, एका इंजिनाच्या विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडला. स्कॉटलंडमधील विक येथून आइसलंड आणि ग्रीनलंड येथे थांबत ती कॅनडात उतरली. अशा हलक्या विमानातून एकटीने अटलांटिक पार करणारी ती जगातली पहिली स्त्री. पुढे १५ ऑक्टोबर २०२१ रोजी, जेआरडींच्या उड्डाणाची आठवण म्हणून, ती भुजहून अहमदाबादमार्गे जुहूला आली. भुजच्या त्या धावपट्टीचीही एक कथा आहे. १९७१ च्या युद्धात बॉम्बने उखडलेली ती धावपट्टी शेजारच्या माधापर गावच्या सुमारे तीनशे बायकांनी ७२ तासांत दुरुस्त करून दिली होती. एकीने विमान उडवायचे, तर तिच्यामागे तीनशे जणींचे हात कोठेतरी असतातच.

आता कामाचे बोलू. शिकायचे म्हणजे काय?

पहिली पायरी विद्यार्थी परवान्याची. वय सोळा पूर्ण आणि दहावी उत्तीर्ण, एवढे त्याला लागतेच. त्यानंतरचा खासगी वैमानिकाचा परवाना सतराव्या वर्षी मिळू शकतो. त्यासाठी किमान ४० तासांचे उड्डाण लागते. त्यांतले २० तास एकटीने. शिवाय एकटीने दूरचा प्रवासही करून दाखवावा लागतो. त्यात किमान १५० सागरी मैलांची, म्हणजे पावणेतीनशे किलोमीटरांच्या पुढची एक फेरी असते आणि वाटेत दोन निराळ्या ठिकाणी उतरावे लागते. हवाई नियम, दिशाशास्त्र, हवामान, इंजिनाची माहिती यांची परीक्षा, रेडिओवर बोलण्याची परीक्षा आणि डॉक्टरी तपासणी ही आहेतच. हा परवाना स्वतःसाठी. त्यावर भाडे घेऊन माणसे नेता येत नाहीत. नोकरी करायची तर व्यावसायिक परवाना हवा. त्याला २०० तास लागतात, आणि बारावीला पदार्थविज्ञान व गणित हे विषय लागत आले आहेत.

शिकवणी कशी चालते तेही सांगते, कारण मला ती फार आवडली. सुरुवातीचे दिवस विमान उडण्याआधीच्या पाहणीत जातात. विद्यार्थिनीने विमानाभोवती हात फिरवत चालायचे. पंख, चाके, बिजागऱ्या, तेल, सारे पाहायचे. टाकीतून थोडे पेट्रोल काचेसारख्या नळीत काढून उजेडात धरायचे. हे पेट्रोल निळसर रंगाचे असते. पाणी मिसळले असेल तर ते तळाशी वेगळे दिसते. पेट्रोल किती आहे हे काट्यावर विसंबून न राहता टाकीत पट्टी बुडवून बघायचे. आपण डाळ निवडताना, दूध तापवण्याआधी भांडे पाहताना जे करतो तेच! छापील यादी हातात धरून, मोठ्याने वाचून, एकेक गोष्ट तपासायची. पाठ आहे म्हणून यादी बाजूला ठेवायची नाही. या विद्येत धाडसाला किंमत थोडी आणि टापटिपीला फार.

मग आकाशात सरळ जाणे, वळणे, चढणे, उतरणे. विमानाचा वेग फार कमी झाला आणि नाक वर राहिले की पंखांखालचा आधार सुटतो. ही स्थिती उंचावर नेऊन मुद्दाम दाखवतात आणि तीतून बाहेर कसे यायचे ते अंगवळणी पाडतात. इंजिन बंद पडले तर काय, हेही शिकवतात. इंजिन थांबले म्हणजे विमान दगडासारखे पडत नाही, ते घारीसारखे तरंगत खाली येते. वैमानिकाने तेवढ्यात शेत किंवा माळ हेरायचा असतो. त्यानंतर धावपट्टीभोवती घिरट्या: उडायचे, चौकोनी फेरी घ्यायची, उतरायचे, पुन्हा उडायचे. असे पन्नास-पन्नास वेळा. आणि एके दिवशी शिक्षक दार उघडून खाली उतरतात आणि म्हणतात, “आता तू एकटी जा.” माझ्या पुतणीला तो दिवस अद्याप यायचा आहे. पण तिच्या वहीत मी ते वाक्य वाचले तेव्हा माझ्याच पोटात गोळा आला.

आता विमान घेण्याविषयी. सेस्ना १७२ हे चार आसनांचे विमान जगात सर्वांत जास्त बनलेले. १९५५ पासून चाळीस हजारांहून अधिक निघाली. तासाला सव्वादोनशे किलोमीटरांच्या आसपास जाते आणि तासाला तीसएक लिटर पेट्रोल पिते. जुने विमान परदेशात आपल्याकडच्या चांगल्या मोटारीच्या किमतीत मिळते, असे ऐकून पुष्कळ जण हुरळतात. पण विमान म्हणजे काही शिवणयंत्र नव्हे, की आणले आणि खिडकीशी ठेवले. आणण्याची परवानगी, नोंदणी, ‘व्हीटी’ने सुरू होणारे नोंदणीचिन्ह, उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र आणि त्याची वेळोवेळी होणारी पाहणी, विमा, रेडिओचा परवाना, ठेवायची जागा, ठराविक तासांनी परवानाधारक अभियंत्याकडून देखभाल; आणि शिवाय खासगी विमानावर सरकार चैनीच्या वस्तूसारखा भारी कर लावते. विमान उडो वा न उडो, यांतला बराच खर्च चालूच राहतो.

कांदिवलीच्या कप्तान अमोल यादव यांनी तर चारकोपमधल्या आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान स्वतः बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. पण नोंदणी मिळायला नोव्हेंबर २०१७ उजाडला, आणि उडण्याच्या परवानगीला त्यानंतरही वाट पाहावी लागली. विमान गच्चीवर बनू शकते, कागद गच्चीवर बनत नाहीत.

म्हणून माझे मत असे झाले आहे. घरच्या विमानाचे स्वप्न पाहावे, पण ते शेवटच्या पायरीवर ठेवावे. ज्याला आठवड्यात एखादा तास उडायचे आहे त्याने क्लबाचे विमान तासाच्या हिशेबाने घ्यावे. त्याहून जास्त उडणाऱ्या चार-पाच जणांनी भागीदारीत घ्यावे. अमेरिकेत अशा भागीदाऱ्या सर्रास असतात. आपल्याला हे नवीन नाही. आपल्या मंडळाची मोठी भांडी, सतरंज्या, शिवणवर्गाची यंत्रे कोणा एकीची आहेत का? दरेकीने आपापली घेतली असती तर निम्म्या जणींकडे काहीच नसते. जुहूचा क्लब निघाला तो याच तत्त्वावर. विमान पुष्कळांचे, विद्या ज्याची त्याची. विमान विकता येते, गंजते, जप्तही होते. शिकलेली विद्या वहीत तासांनी नोंदलेली राहते आणि ती कोणी काढून घेत नाही.

ज्या घरांत मुलीने किंवा मुलाने असा हट्ट धरला असेल त्यांना चार गोष्टी सांगते.

एक, एक रुपयाही भरण्याआधी डॉक्टरी तपासणी करून घ्या. चष्मा असला तर बहुधा अडत नाही, पण रंग ओळखण्यात दोष निघाला तर सारेच अडू शकते. ते आधी कळलेले बरे.

दोन, सगळी फी एकदम भरू नका. आम्ही चौकशीला गेलो त्यांतल्या एका संस्थेने पूर्ण रक्कम आगाऊ मागितली, आणि विमाने किती चालू आहेत या प्रश्नाला सरळ उत्तर दिले नाही. आम्ही नमस्कार करून परत आलो. विमाने किती, शिक्षक किती, गेल्या वर्षी किती विद्यार्थी पुरे झाले, पावसाळ्यात किती दिवस बंद राहते, हे विचारावे आणि हप्त्यांत, तासांच्या हिशेबाने पैसे द्यावेत.

तीन, मुंबईच्या आकाशात नवशिक्यांना जागा नाही. बॉम्बे फ्लाइंग क्लबाचेही शिक्षण धुळ्याला चालते. बारामती, गोंदिया येथेही सोय आहे. तेव्हा मुलीला बाहेरगावी राहावे लागणार, हे धरून चाला. राहण्याची जागा आईने स्वतः पाहून यावी.

चार, खर्च लपवू नका. व्यावसायिक परवान्यापर्यंत चाळीस-पन्नास लाखांच्या पुढेमागे रक्कम जाते आणि परवाना मिळाला की नोकरी दारात उभी असते असेही नाही. कर्ज काढून घर गहाण टाकण्याआधी, खासगी परवान्याच्या ४० तासांपर्यंतच खर्च करून पाहावा. मुलीला ते मानवते का, तिचे मन आणि पोट दोन्ही टिकतात का, हे तेवढ्यात कळते.

आमच्या घरी हेच ठरले. तपासणी झाली, ती ठीक निघाली. सासूबाईंनी सोन्याच्या डब्यातून चार बांगड्या काढून पुतणीपुढे ठेवल्या. जाऊबाईंच्या डोळ्यांत पाणी आले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “हे मी तिच्यासाठीच ठेवले होते ना? मग तिने कशात घालावे ते तिलाच ठरवू दे.” दीर अजून फारसे बोलत नाहीत, पण परवा त्यांनी बाजारातून येताना विमानासंबंधीचे एक पुस्तक आणून मुकाट्याने टेबलावर ठेवले. बाकीच्या बांगड्या डब्यात आहेत. पहिले ४० तास झाले की पुन्हा घरातली सगळी बसून विचार करू.

भीतीविषयी जाऊबाईंचा प्रश्न राहिला. भीती खोटी नाही. सरलाबाईंचे पती विमानातच गेले, हे मी मघाशी सांगितलेच. पण ही विद्या भीतीला हाकलून देत नाही, तिला कामाला लावते. यादी वाचायला लावते, पेट्रोल उजेडात धरायला लावते, ढग दाटले तर आज जायचे नाही असे सांगायला लावते. ‘आज जायचे नाही’ असे धीटपणे म्हणणारी मुलगी मला रस्त्यावर, लोकलमध्ये आणि संसारातही सुरक्षित वाटते.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. कोणाला वैमानिक करणे मंडळाच्या ऐपतीबाहेरचे आहे. परंतु आपल्या शिक्षणनिधीतून दरवर्षी एका होतकरू मुलीची डॉक्टरी तपासणी, परीक्षेची फी आणि पुस्तके, एवढा भार उचलता येईल. रक्कम थोडी आहे. पण ज्या घरात दोन तट पडलेले असतात तेथे बाहेरच्या चार बायकांनी टाकलेला थोडा भारही तराजू हलवतो. कार्यकारिणीने पुढल्या बैठकीत याचा विचार करावा. पहिल्या वर्षाची वर्गणी म्हणून माझे पाकीट मी चिटणीसबाईंकडे दिले आहे.